भुरीला कुणी विचारलं का?

फुलबागेच्या कुंपणाला टेकून एक इवलीशी झोपडी होती. तिथे शेवंता आणि तिचे बाबा राहायचे. बाबा बागेत माळीकाम करायचे. घरात कधीकधी एकच भाकरी असायची. बाबा ती शेवंताला द्यायचे, आणि शेवंता अर्धी भाकरी गुपचूप फाटकाशी घेऊन जायची.

फाटकाशी दोन कुत्री होती. कुणीतरी त्यांना तिथे सोडून गेलं होतं. भुरीला दिसत नव्हतं. टिपक्याचे मागचे पाय लुळे होते, तो अंग ओढत चालायचा.

"बाबा, यांना घरी आणू?"

"आणली असती गं पोरी. पण त्यांना घालायचं काय?"

एका सकाळी कर्दळीच्या लालचुटूक फुलावर शेवंताला एक परी दिसली. अंगठ्याएवढी, पंख दवासारखे लुकलुकणारे.

"शेवंता, तुझी एक इच्छा मी पुरी करीन," परी म्हणाली. "नियम दोनच. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्यालाही तेच हवं असलं पाहिजे."

"मग भुरीला डोळे दे."

"तिला विचारलंस?"

शेवंता विचारात पडली. कुत्रीला कसं विचारायचं? ती गवतावर बसली आणि बघत राहिली.

भुरी हुंगत हुंगत निघाली. मोगऱ्याला वळसा, हौदाला वळसा, कुठेही धडकली नाही. पाणी पिऊन फाटकाशी परतली. रस्त्यावर पावलं वाजली की तिची शेपटी हलायची. पावलं पुढे गेली की शेपटी खाली पडायची.

'हिला डोळे नकोतच,' शेवंताला वाटलं. 'कुणीतरी हिच्यापाशी थांबायला हवंय.'

तेवढ्यात एक पिवळं फुलपाखरू आलं. टिपक्या त्याच्यामागे सरपटला, खड्यांनी त्याचे पाय खरचटले, तरी तो पुढे पुढेच जात राहिला.

इच्छा एक आणि कुत्री दोन. शेवंताने खूप विचार केला. भुरीसाठी घर शोधणं तिला जमण्यासारखं होतं. टिपक्याला पळायची ताकद देणं मात्र तिच्या हातात नव्हतं.

"परीताई, टिपक्याला पळता येऊ दे."

परीने पंख झटकले. टिपक्याच्या कमरेला मऊ रेशमी पट्टा आला, त्याला दोन गुलाबी चाकं. टिपक्या आधी दचकला, मग भुर्रकन सुटला.

शेवंता भुरीला घेऊन दारोदार फिरली.

"आंधळी कुत्री राखण काय करणार?" एकाने विचारलं. दुसऱ्याने दारच लावलं.

शेवटच्या घरातून खटक्-खटक् आवाज येत होता. तिथे सगुणाकाकू एकट्याच हातमागावर लुगडं विणत होत्या. भुरीने कान टवकारले. आवाजाच्या मागोमाग ती आत गेली आणि काकूंच्या पायाशी अंग टाकून झोपली.

काकूंचा हात थांबला. भुरीने डोकं वर केलं. काकूंनी पुन्हा माग चालवला, तसं तिने डोकं खाली टेकलं.

"राहू दे हिला," काकू हळूच म्हणाल्या. "आणि बाबांना सांग, दोघं रोज इकडेच जेवायला या. एकटीपुरतं रांधायचा मला कंटाळा येतो."

शेवंताने घरी येऊन ते बाबांना सांगितलं. आता घरची भाकरी टिपक्याला घालता येणार होती. बाबांनी त्याला चाकांसकट उचललं आणि झोपडीत आणलं.

"पण परीताई, मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, तरी मलाही मिळालं," शेवंता कर्दळीपाशी येऊन घाबरून म्हणाली.

"म्हणून तर मिळालं," परी हसली.

कलत्या उन्हात ती झळाळली, तिचे सोनेरी कण झाले आणि पानापानांवर विरून गेले. ती कुठे गेली हे शोधत टिपक्या कर्दळीभोवती गोल गोल पळत राहिला.