गवंड्याची लाकडाची भिंत

डोंगरापल्याडच्या एका गावात एक गवंडी राहत होता. हाताचा मोठा पक्का! आपल्या भिंतीत मुंगीलाही शिरायला जागा नसते, ही गोष्ट तो येता-जाता कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

पावसाळा तोंडावर आला, तशी परसातली जळाऊ लाकडं पडवीत रचायला नवरा-बायको निघाले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला, शेकायला पावसाळाभर लाकूड लागणार होतं.

गवंड्याने पहिला ओंडका उचलला, तर खाली एक गलेलठ्ठ बेडूक ऐसपैस बसलेला. दुसरा उचलला, तशी एक सापसुरळी त्याच्या पायावरून सळसळत गेली. "साप! साप!" करत गवंडी जो उडाला, तो थेट धुण्याच्या दगडावर. शेजारीण कुंपणावरून खो खो हसली. बायकोलाही हसू आवरेना.

एवढ्यात ढिगातून चिचुंद्री निघाली. मागे तिची इवलीइवली पिल्लं, एकमेकांना दातांनी धरून, लग्नाच्या वरातीसारखी ओळीने.

"अहो, रचताना मधेमधे फटी राहू द्या," बायको म्हणाली. "बिचारी पावसात जातील कुठे?"

"मी काय बेडकांना बंगले बांधून देऊ?" गवंडी फणकारला. झालेली फजिती त्याला भारी लागली होती. "आता बघच, कसा रचतो ते!"

त्याने चक्क भिंतीची सरळ रेघ तपासायचा ओळंबा आणला. सरळ लाकडं निवडून एकावर एक चापून बसवली, आणि उरलेल्या फटी थापीने चिखल भरून लिंपून टाकल्या. वेडीवाकडी लाकडं त्याने फेकून दिली. बायकोने ती गुपचूप उचलली आणि गोठ्याच्या वळचणीला कशीबशी रचली. चिचुंद्रीची वरात तिकडे वळली. मागोमाग बेडूक आणि सापसुरळीही गेली.

पावसाने झड धरली. लेक आली, आणि तिला गोंडस मुलगी झाली. गवंड्याला तर आभाळ ठेंगणं झालं! नातीच्या न्हाण्यासाठी त्याने मोठ्या ऐटीत आपली भिंत फोडली.

लाकूड हातात आलं ते ओलं, बुरशीने पांढरं झालेलं. दुसरं ओढलं, तर नुसता भुगा! चिखलाच्या आडोशाने वाळवी आत सुखाने नांदत होती.

तरी त्याने तेच लाकूड चुलीत सारलं. जाळ होईना, धूर मात्र घरभर झाला. पाणी गारच राहिलं. बाळ ठसकत रडू लागलं, बाळंतीण खोकून बेजार झाली. फुंकणीने फुंकून फुंकून गवंड्याचे डोळे लाल झाले. आपल्या हट्टापायी एवढ्याशा जिवाचे हाल, या विचाराने त्याला रडूच कोसळलं.

बायकोने गोठ्याच्या वळचणीतून दोन वाकडे ओंडके आणले. फटींतून वारा खेळल्यामुळे ते खडखडीत वाळले होते. वाळवी तिथेही आली होती, पण फटींत राहणाऱ्या मंडळींनी तिचा फराळ करून टाकला होता. चूल धडाडून पेटली, पाणी आधणासारखं तापलं आणि न्हाऊन-माखून बाळ शांत झोपी गेलं.

उघडीप मिळताच गवंड्याने उरलीसुरली भिंत स्वतःच पाडली. चांगली लाकडं निवडून उन्हात वाळवली आणि पुन्हा रचली, चांगल्या हात जाईल एवढ्या फटी ठेवून.

शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "काय हो भावजी, हात बिघडला वाटतं? केवढी ही भोकं!"

"भोकं नव्हेत वहिनी, दारं आहेत ती," गवंडी म्हणाला. "आमच्या नातीचे राखणदार ये-जा करतात तिथून."

तात्पर्य काय, तर दुसऱ्याला थारा मिळू नये म्हणून जो सगळ्या फटी बुजवतो, तो आपलाही वारा बंद करतो.