बुंध्याशी फुटलेली पालवी

बागेला अजून कुंपण नव्हतं, तेव्हाची गोष्ट. हापूसच्या एका कलमाला अगदी बुंध्याशी रायवळ आंब्याची पालवी फुटली. वरच्या फांद्या खवळल्या.

"ही बाग हापूसची आहे! तू कुठून घुसलीस?"

पालवी गोंधळली. "घुसले कुठली? मी तर याच झाडाच्या मुळांतून आले."

"काहीतरीच! आमची मुळं रायवळ कशी असतील?"

भांडण मिटेना, तेव्हा सगळ्यांनी बुंध्याला विचारलं. त्याच्या अंगावर एक जुना, सुजलेला व्रण होता.

बुंधा म्हणाला, "इथे आधी रायवळाची कोय रुजली. तिच्या रोपावर लांबून आणलेली हापूसची काडी बांधली. त्याच काडीच्या तुम्ही फांद्या."

"म्हणजे बाहेरच्या आम्ही?" एक फांदी पुटपुटली.

"आणि तू रे कोण?" दुसरी बुंध्यावर ओरडली.

"तेच मला इतकी वर्षं कळलेलं नाही. या व्रणाच्या खाली रायवळ, वर हापूस. मधल्याला काय म्हणतात?"

शेवटी फांद्यांनी एकमताने ठरवलं, की आजपासून रायवळाचं काही घ्यायचं नाही.

दुपारी ऊन तापलं. पानांनी माना टाकल्या, तरी पाणी कुणाकडे मागावं, ते फांद्यांना कळेना.