धुरकट शेजारी

कधीकाळी एका बंदरावरच्या गोदामात व्हिस्कीची दोन पिंपं शेजारीशेजारी मुरत पडली होती. एक स्कॉटलंडचं, एक आयर्लंडचं.

"गाळायला तुम्हाला आमच्याच साधूंनी शिकवलं," आयरिश पिंप रोज ऐकवायचं. "आम्ही तीनदा गाळतो, तुम्ही दोनदा गाळूनच दमता. वर तुमच्या व्हिस्कीला तो धुराचा वास! चुलीत पडला होतास काय रे?"

"दोनदा गाळूनच जमतं आम्हाला," स्कॉटिश पिंप गुरगुरायचं.

एके दिवशी आयरिश पिंप गप्प झालं. स्कॉटिश पिंपाला आधी बरं वाटलं, मग करमेना. पाहतं तर शेजाऱ्याच्या फळीला चीर गेलेली, व्हिस्की थेंबथेंब गळतेय! राखणदार फर्गल बाहेर डुलक्या काढत होता. स्कॉटिश पिंपाने सगळा जोर लावून आपलं बूच उडवलं आणि अंग लवंडून दिलं. धुराचा वास सुटला तसा फर्गल आग लागली समजून धावत आला. त्याने एकाला बूच ठोकलं, दुसऱ्याची चीर बुजवली.

बऱ्याच वेळाने आयरिश पिंपाने हळूच विचारलं, "तुझी किती सांडली रे?"

"अर्धी."

"चला, धूर निम्मा झाला. आता जरा पिण्याजोगा झालास."

स्कॉटिश पिंपाला इतकं बरं वाटलं, की उलट उत्तर द्यायचं राहूनच गेलं.