लुमाजीच्या नावाची हाक

घाटाला सडक नव्हती आणि वाटसरूला देवाशिवाय वाली नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी उंबरमाळाच्या टोकाला, जिथे जमीन संपते आणि कोकणचं आभाळ सुरू होतं, तिथे लुमाजी नावाचा माणूस राहायचा. वाडीपासून लांब, कड्याजवळ एकटंच घर. घर म्हणायचं ते त्याच्या बायकोचं, हौसाचं. कारण लुमाजी घरात असायचाच कुठे? छपराखाली दोन घटका बसला की त्याला गुदमरायला व्हायचं. कोणत्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय, कोणत्या झऱ्याला वैशाखातही पाणी असतं, सगळं त्याला ठाऊक. घरातलं मीठ संपलंय, एवढंच ठाऊक नसायचं.

असं म्हणतात, की त्याची हाक कड्यावरून सुटली की धुकं दुभंगायचं. भादव्यात घाटावर धुकं उतरलं, की स्वतःच्या हातातली काठी दिसत नाही. अशा वेळी कोण परतलं नाही ते विचारून घ्यायचं, कड्यावर उभं राहायचं आणि त्याच्या नावाने हाका मारायच्या, हे लुमाजीने आपणहून अंगावर घेतलेलं काम. चुकलेली माणसं त्या हाकेचं बोट धरून वर यायची. एकदा म्हणे माणसांमागून एक वाघीणही पिल्लांना घेऊन वर आली, त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट निघून गेली.

लोक ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. हौसाला मात्र त्यात वाघीणच तेवढी ऐकू यायची. पदरात लहानगी बुधी. पोरीला विंचू चावेल, छप्पर उडेल, नवरा परतणार नाही. तिच्या काळजीचा झरा बारमाही. ‘मी भित्री, की हे वेडे?’ असं ती स्वतःला विचारायची, आणि दोन्ही खरं असेल असं वाटून आणखीच घाबरायची.

"अहो, लेक तुम्हाला पाव्हणा समजते," ती म्हणायची. "तुम्ही आलात की माझ्यामागं लपते."

"मग पाव्हण्याला भाकर वाढ की," तो हसायचा, आणि बुधीला खांद्यावर घेऊन घारींच्या पाठी दाखवायला कड्यावर जायचा. त्या कड्यावरून घारी खाली उडताना दिसायच्या. हौसा चुलीपुढे देवाचं नाव घेत बसायची.

लुमाजीने साऱ्या घाटाला एक नेम घालून दिला होता. धुक्यात चकवा असतो, वाट चुकवणारं भूत. तो आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावतो, आईच्या, बायकोच्या, आणि दरीत नेतो. पण त्याला माणसाचं नाव घेता येत नाही. म्हणून नावाने हाक आली तरच ओ द्यायची. बिननावाची आली तर तिच्याकडे पाठ करून चालू लागायचं.

"आणि तुम्हीच चुकलात तर?" हौसाने एकदा विचारलं.

"तर तू हाक मार."

"नवऱ्याचं नाव घेऊ? जिभेला किडे पडतील माझ्या! नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, सासूबाई सांगून गेल्यात."

"मग काय, मला चुकायची सोयच नाही म्हणायची!"

दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला. तिथे राहायला नको होता.

त्या भादव्यात गणबा कासार बांगड्यांची पेटी पाठीला बांधून घाट चढत होता. दुपारी धुकं उतरलं. लुमाजीने हाका मारल्या, खालून ओ आली, पण माणूस वर येईना. पाय मुरगळला होता. "आलोच," म्हणून लुमाजी उतरला.

तो आलाच नाही. धुकं दाट होत गेलं. हौसा बुधीला कडेवर घेऊन कड्याशी उभी राहिली. आणि तिला बांगड्यांची किणकिण ऐकू आली. जवळ, अगदी जवळ.

"अहोऽऽ! इकडं! बुधीच्या बाऽऽ!"

किणकिण थांबली. मग लांब जाऊ लागली.

तिने आणखी जीव तोडून हाक मारली. किणकिण आणखी लांब गेली. तेव्हा तिला तो नेम आठवला. नाव ओठांवर आलं. पण घेतलं आणि त्यानेच त्याचं बरंवाईट झालं तर? तिने ते गिळलं. बुधी रडू लागली. पुन्हा नाव वर आलं, पुन्हा तिने गिळलं. मग किणकिण थांबलीच.

"लुमाजीऽऽ!"

असं म्हणतात, त्या हाकेने धुकं वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं. फटीत गणबा दिसला, दरीच्या काठावर गुडघ्यांवर बसलेला. त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

"त्यानं ऐकलं बाई तुला," गणबा रडत म्हणाला. "म्हणाला, आवाज थेट हौसाचा, पण नाव नाही. चकवाच हाय. पाठ फिरव. मग मला मागं थांबवून पायवाट चाचपायला पुढं झाला..."

पेटीतली एकही बांगडी फुटली नव्हती.

वाडीने दरी पालथी घातली. लुमाजी मिळाला नाही. डोंगरानेच त्याला ठेवून घेतलं, असं म्हणतात. हौसाची समजूत काढायला वाडीतल्या म्हाताऱ्या आल्या. "तुझा काय दोष पोरी? रीतच तशी."

"रीत घरात बसली होती, आत्याबाई," हौसा म्हणाली. "कड्यावर मी होते."

पुढे धुकं उतरलं की ती कड्यावर जायची आणि जन्मभर गिळलेलं ते नाव घेत राहायची. असं म्हणतात, तिच्या हाकेने फाटलेलं धुकं तिथे पुन्हा जुळलं नाही. आजही अंगणाएवढी एक जागा त्या कड्यावर भर भादव्यात मोकळी असते.

उंबरमाळावर आता नवरीला उखाण्यात नाव घ्यायला लावत नाहीत. वरात आली की नवरा खाली उतारावर जाऊन थांबतो, आणि नवरी त्या मोकळ्या जागेत उभी राहून त्याला नावाने हाक मारते. लाजली, पुटपुटली, तर म्हाताऱ्या दटावतात, "मोठ्यानं गं! दरीला ऐकू जाऊ दे!" खालून ओ आल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत.

ओ आली की हसणं-खिदळणं होतं. मग सगळ्या बायका मिळून आणखी एक हाक मारतात, लुमाजीच्या नावाची. वाजंत्री थांबते. पोरं गप्प होतात. वाडी थोडा वेळ ऐकत राहते, आणि मग नवरीला घरात घेतात.