सावध कुसळवाडीचा नाकेदार

एका गावात एक भोळा नाकेदार होता. गावाचं नाव कुसळवाडी आणि नाकेदाराचं नाव सर्जेराव. बारशाला आईबापांनी जरा घाईच केली, असं गावात म्हणत. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, तसूभरही इकडे-तिकडे नाही. शाळेत एकदा मास्तर म्हणाले, "सर्जेराव, फळ्याकडे बघ." शाळा सुटली, मास्तर घरी जाऊन जेवले, आणि हा आपला फळ्याकडे बघत बसलेला.

आता कुसळवाडीला नाकेदार कशाला लागावा? गावात बँक नाही, सराफ नाही, धड एक हॉटेल नाही. पण गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. 'सावध कुसळवाडी'. तीनशे बारा मेंबर. सकाळी नऊपर्यंत ग्रुपवर गुलाबाची फुलं यायची आणि नऊनंतर संशय. "पांढरी गाडी वेशीवरून हळू गेली. हळू का गेली?" "काळी गाडी जोरात गेली. जोरात का गेली?" "निळी गाडी गेलीच नाही, उभी आहे. सावध राहा." ती निळी गाडी शिंद्यांच्या जावयाची निघाली. तोवर तिच्या दोन चाकांतली हवा सोडून झाली होती. जावई पुन्हा काही सासुरवाडीला आला नाही.

ग्रुपचे अ‍ॅडमिन दिनकरतात्या. तलाठी म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना गावाला त्यांचं तोंड दिसणं मुश्कील, आणि आता गावात कोण येतं-जातं ते बघितल्याशिवाय त्यांना घास गिळत नव्हता. त्यांनीच पंचायतीला पटवलं, की वेशीवर आडवा बांबू टाकायचा आणि बांबूजवळ माणूस बसवायचा. दिवसभर रिकामा असलेला माणूस गावात एकच होता. त्याला फोन दिला, शिट्टी दिली आणि सांगितलं, "आठवडाभर बघू. जमलं तर कायम करू."

सर्जेरावाची आई हौसाबाई हिला इतका आनंद झाला, की सांगता सोय नाही. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे तीन स्थळं हातची गेली होती. चौथं आलं होतं हिंगणमळ्याच्या रंगराव मोहित्यांच्या कांचनचं. मुलीचा फोटोही आला होता.

"आये, ही हसतीय," सर्जेराव म्हणाला.

"फोटूत समदीच हसत्यात."

"न्हाई आये. माझ्याकडं बघून हसतीय."

त्या दिवसापासून फोटो त्याच्या वरच्या खिशात. गावात त्याला हसणारे पुष्कळ होते, पण त्याच्याकडे बघून असं कोणी हसलं नव्हतं. रंगरावांनी निरोप धाडला होता, "शुक्रवारी घर बघायला येतो. मुलगा नोकरीत टिकलेला दिसला, तर तिथंच सुपारी फोडू." म्हणजे काय, तर शुक्रवारपर्यंत सर्जेरावाने नोकरी टिकवायची. पाच दिवसांचा तर प्रश्न होता.

सोमवारी सकाळी तात्यांनी पहिला धडा दिला. "अनोळखी गाडी दिसली की अडवायची. फोटो ग्रुपवर टाकायचा. कोणी ओळखल्याशिवाय सोडायची नाही."

"बरं तात्या."

दहाच्या सुमाराला एक मोटारसायकल आली. वर एक घामाघूम माणूस आणि मागे लोखंडी पेटी. सर्जेरावाने अडवली.

"अरे, मी जनावरांचा डॉक्टर आहे! म्हैस अडलीय, मला जाऊ दे."

"मी तुमास्नी वळखत न्हाई."

"म्हैस ओळखते मला!"

"म्हैस ग्रुपवर न्हाई."

फोटो गेला. ग्रुप खवळला. "पेटीत काय आहे?" "डॉक्टरांच्या वेषातली टोळी फिरतेय, फॉरवर्ड आला होता." तात्यांनी तर हुकूमच सोडला, "अजिबात सोडू नका. माझी म्हैस अडली आहे, नाहीतर मी स्वतः आलो असतो." मग अर्धा तास गेला आणि तात्यांनीच कळवळून फोन लावला, "डॉक्टर, आहात कुठं?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच वेशीवर, तुमच्याच हुकमानं बसलोय." इकडे म्हशीने ग्रुपची वाट न बघता आपली आपण सुटका करून घेतली होती, आणि त्या गडबडीत तात्यांच्या पायावर पाय दिला होता.

तात्या लंगडत वेशीवर आले. "गाढवा! कामाला आलेल्या माणसाला अडवतात का? काय काम आहे ते विचारायचं. काम सांगितलं की हात जोडायचे आणि वाट दाखवायची."

"चुकलं तात्या. पुन्हा अशी चूक न्हाई व्हायची."

आणि तशी चूक पुन्हा झाली नाही. दुसरी झाली.

मंगळवारी एक टेम्पो आला. आत दोघं, दोघांच्याही तोंडाला रुमाल. सर्जेरावाने विचारलं, "काय काम काढलं?"

ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एक जण म्हणाला, "बोकड न्यायचाय."

"कुनाचा?"

"चांगला असंल त्याचा."

काम सांगून झालं होतं. सर्जेरावाने हात जोडले. गावात चांगला बोकड एकच, तो तात्यांच्या गोठ्यात. वाट अवघड होती म्हणून तो टेम्पोच्या पुढे चालत गेला, आणि बोकड जड होता म्हणून चढवायला हातही दिला. तात्या त्या वेळी ओसरीवर बसून ग्रुपवर लिहीत होते, "गावाला आता काळजी नाही."

टेम्पो जाताना तिघाचौघांनी बघितला, पण एकालाही संशय आला नाही. टेम्पोच्या मागे 'आई-वडिलांची पुण्याई' असं रंगवलेलं होतं. चोर कधी असं रंगवील का?

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, माणसाच्या बोलण्यावर जायचंच नाही! माल बघायचा, माल! गाडीतलं सामान उतरवायचं, उघडायचं आणि डोळ्यांनी बघायचं. मगच बांबू वर करायचा."

"चुकलं तात्या. पुन्हा अशी चूक न्हाई व्हायची."

संध्याकाळी हौसाबाईने भाकरी वाढता वाढता विचारलं, "टिकशील न्हवं रं शुक्करवारपर्यंत?" सर्जेरावाने खिशावर हात ठेवून मान हलवली.

बुधवारी भरदुपारी एक गाडी आली. मागे चाळीस लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या. गाडीवाला म्हणाला, "डाळिंबाच्या बागेत ठेवायच्या आहेत."

"उघडा."

"अरे बाबा, मधमाश्या आहेत आत."

"मानसाच्या बोलन्यावर जायाचं न्हाई. उघडा."

गाडीवाल्याने हात जोडले, कान धरले आणि शेवटी तो काचा वर करून केबिनमध्ये जाऊन बसला. तोवर ग्रुपवर फोटो गेला होता. "चाळीस पेट्या? बाँब!" "आवाज येतोय आतून." "आवाज येतोय म्हणजे बाँबच!" बाँब आहे असं कळल्यावर माणसाने खरं तर लांब पळावं. पण निम्मं गाव फोन उंच धरून बाँब बघायला वेशीवर जमलं. सगळ्यांत पुढे तात्या.

"बघतोस काय? उघड!" तात्या गरजले.

सर्जेरावाने उघडलं.

पुढचं काय सांगावं! पळणाऱ्यांत कोण पाटील आणि कोण न्हावी ते ओळखू येईना. तात्या लंगड्या पायाने हौदात शिरले. त्यांचं तोंड इतकं सुजलं, की त्यांचा स्वतःचा फोन त्यांना ओळखेना. तोंड बघून उघडणारा तो फोन, त्याने अ‍ॅडमिनलाच बाहेर ठेवलं. त्यानंतर दिवसभर ग्रुपवर एकही संशय आला नाही. गावाला दुपारची झोप कित्येक महिन्यांनी लागली.

गुरुवारी तात्यांचा एक डोळा जेमतेम किलकिला झाला. पोरांकडून फोन उघडून घेऊन त्यांनी सर्जेरावाला बोलावलं. ओठ सुजलेले असल्यामुळे ते सावकाश बोलत होते, आणि सर्जेरावाला ते एकेक अक्षर पाठ होत होतं.

"स्वतःच्या अकलेनं काही करायचं नाही. कोणाला ओळखायचं नाही, काही उघडायचं नाही. अनोळखी गाडी आली की गाडीत जेवढी माणसं बसली असतील, तेवढ्यांच्या तोंडाचा स्पष्ट फोटो. एकही सोडायचा नाही. ग्रुपनं ओळखलं तो आत, नाही ओळखलं तो वेशीबाहेर. मग कोणी का असेना! तोंडी ओळख सांगितली तर ऐकायचं नाही. उद्या चुकलास, तर परवा घरी बस."

"बरं तात्या."

उद्या शुक्रवार होता.

शुक्रवारी हौसाबाईने त्याला पहाटेपासून घासला. शेजारच्या घरून कोट आणला, काळा चष्मा आणला. न्हाव्याने त्याची वर्षानुवर्षांची झुबकेदार मिशी काढून टाकली आणि केस मागे वळवले. हौसाबाईने वर पावडर थापली आणि बजावलं, "पावनं आलं की त्येंच्या गाडीत बस आन् मानानं घरी घेऊन ये. गाडीम्होरं पळत येऊ नगंस."

अकरा वाजता तपकिरी रंगाची जीप आली. आत रंगराव मोहिते, त्यांची बहीण अनसूयाबाई आणि ड्रायव्हर. रंगरावांनी हसून विचारलं, "आपणच का सर्जेराव?"

"जी."

"अरे वा! कामावर आहात की. चांगलं वाटलं बघून."

आईने सांगितल्याप्रमाणे सर्जेराव मागे चढून बसला. ड्रायव्हरने गाडी चालू केली. तेवढ्यात सर्जेरावाला तात्यांचा धडा आठवला. गाडी तर अनोळखी होती.

"थांबा," तो म्हणाला. "फोटू काढायचाय."

पाहुण्यांना कौतुक वाटलं. अनसूयाबाईंनी पदर सारखा केला. सर्जेरावाने रंगरावांचा फोटो काढला, अनसूयाबाईंचा काढला, ड्रायव्हरचा काढला. गाडीत आणखी कोण आहे ते बघितलं. आणखी एक जण होता. त्याने फोन उलटा धरून त्याचाही काढला. चारही फोटो ग्रुपवर गेले.

ग्रुप त्या दिवशी जागाच होता. "पहिले रंगराव मोहिते. माझ्या मावसभावाचे व्याही. सज्जन माणूस." रंगराव पटले. "बाई त्यांच्या बहीण. हळदीकुंकवाला भेटलेल्या." अनसूयाबाई पटल्या. "ड्रायव्हर आमच्या साडूच्या गावचा." ड्रायव्हरही पटला.

"पण चौथा कोण?"

"काळ्या चष्म्याचा? आपल्याकडचा नाही."

"तोंडावरूनच चोर दिसतो."

"अहो, हाच तो! मंगळवारी बोकड टेम्पोत चढवताना मी याला लांबून बघितला."

"बरोबर! पेटी उघडणारा पण हाच. मी पळताना वळून बघितलं होतं."

"आठवडाभर वेशीवर घुटमळतोय हा. मला आधीपासून संशय होता."

बोकड, पेटी, घुटमळणं, यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. तीस वर्षं ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, त्या गावाने एवढं बारकाईनं त्याच्याकडे पहिल्यांदाच बघितलं होतं. तात्यांनी एका डोळ्याने निकाल दिला, "तिघांना आदराने आत घ्या. चौथ्याला वेशीबाहेर काढा. सर्जेराव, हयगय नको."

सर्जेराव गाडीतून उतरला. बांबूच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"तुमी जावा पावनं. तुमची वळख पटली. ह्या मानसाची न्हाई पटली."

"कोणत्या माणसाची?" रंगरावांनी विचारलं.

सर्जेरावाने आपल्याच छातीवर बोट ठेवलं.

गाडी वेशीवरच थांबलेली बघून हौसाबाई हातात ओवाळणीचं ताट घेऊन पळत आली. प्रकार कळल्यावर तिने ताट जीपच्या टपावर ठेवलं. "अवो, ह्यो माझा पोरगा हाय! प्वाटचा गोळा माझा!"

"आये, तोंडी चालत न्हाई. ग्रुपवर लिही."

"मला लिवाया येतं व्हय रं मुडद्या?"

"मग मी तरी काय करू?" सर्जेराव बांबूपलीकडून म्हणाला.

रंगराव समजूतदार होते. ते खाली उतरले. "सर्जेराव, नाक्यावर नेमणूक कोणाची आहे?"

"माझीच."

"मग तुम्हीच तुम्हाला ओळखा आणि घ्या आत. आहे काय त्यात!"

"मी वळखतो वो त्याला. लहानपनापासनं वळखतो. पर स्वतःच्या अकलेनं कुनाला वळखायचं न्हाई, असं तात्या म्हनल्यात. चुकलो तर नोकरी जाईल, आन् नोकरी गेली तर तुमी पोरगी देनार न्हाई."

रंगराव गाडीत चढायला वळले. मग हौसाबाईला म्हणाले, "बाई, राग मानू नका. जो माणूस स्वतःला गावात घेईना, तो आमच्या कांचनला घरात कधी घेणार?"

"तिला काय सांगू मी?" अनसूयाबाई गाडीतूनच हळहळल्या.

"सांगा, वळख पटली की येतो," सर्जेराव म्हणाला.

जीप वळली आणि धूळ उडवत हिंगणमळ्याच्या रस्त्याला लागली. ओवाळणीचं ताट टपावरून घसरून रस्त्यात पडलं. हौसाबाई वेशीच्या दगडावर बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडू लागली.

तेवढ्यात सर्जेरावाचा फोन वाजला. तात्यांचा मेसेज होता. "संशयिताला वेशीबाहेर रोखून धरल्याबद्दल सर्जेरावांचे अभिनंदन. पंचायतीने त्यांना आजपासून कायम केले आहे. देवळापुढे गाव जमले आहे, हार आणला आहे. सत्कारासाठी ताबडतोब यावे."

सर्जेरावाने तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. हौसाबाईने नाक पुसलं. "चल रं बाबा. पोरगी तर गेली, आता हार तरी घाल गळ्यात. कायम झालास म्हनं."

सर्जेरावाने चष्मा सारखा केला, कोट झटकला आणि बांबूच्या आत एक पाऊल टाकलं. मग तो थबकला. त्याने खाली आपल्या पायाकडे बघितलं, आणि पाऊल घाईघाईने मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा मागे घेतलं. शेवटी त्याने फोन तोंडाजवळ धरला.

"तात्या, यायचं मनात लय हाय. पर निघता येत न्हाई. त्यो इसम अजून हितंच हुबा हाय, आन् मी आत पाऊल टाकलं की त्योबी टाकतोय."