खड्ड्यांचा साचा

फार वर्षं झाली. खेळण्यांच्या एका कारखान्यात अडगळीत एक पोलादी साचा पडला होता. एका जुन्या प्रवासी विमानाचे सुटे भाग त्यातून निघत, आणि ते जोडले की बोटभर विमान होई. तसा दुसरा साचा कुठेच उरला नव्हता.

एके दिवशी गेनू मिस्त्रींनी तो बाहेर काढला. मालक म्हणाले, "आज धड विमान निघालं तर ठेवू, नाहीतर भट्टीत घालू."

मिस्त्रींनी कानस उचलली. ती साच्याला म्हणाली, "काय रे ही दशा! अंगभर बारीक खड्डे. थांब, गुळगुळीत करते."

"नको गं बाई. गंज काढ, पण खड्डे राहू देत. माझ्यात खड्डा असला, तरच विमानावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं गोल डोकं, उठतो."

"भट्टी समोर आहे, आणि वर तोरा?"

"गुळगुळीत होऊन वाचलो, तर माझ्यातून साबणाची वडी निघेल. विमान नाही."

कानस मुद्दाम अडखळली. मिस्त्रींनी तिथं बोट फिरवून पाहिलं. "अरेच्चा, हे तर रिव्हेट!" म्हणत त्यांनी तिला खाली ठेवलं आणि तेलाचं फडकं घेतलं.

दुपारी विमान जोडून झालं. पंखांवर खसखशीएवढे रिव्हेट, रांगेनं. मालक ते डोळ्यांपाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साचा माझ्या टेबलावर ठेवा."

कानस शेजारी पडलेल्या पकडीला ऐटीत म्हणाली, "त्यातला एकही रिव्हेट मी घासला नाही हो!"