झारणेचा सातवा दगड

सातपुड्यातल्या झारण नदीच्या उतारावर, पायी पार व्हायच्या जागी, सहा सपाट दगड आहेत. सहाव्यापुढे पाणी काळे आणि खोल. पाहुण्याने कारण विचारले, तर पुजारा वेस्त्याबाबा आधी मोहाच्या दारूची धार पाण्यात सोडतो, मग सांगू लागतो.

फार पूर्वी दगड सात होते म्हणे, पाण्याखाली वीतभर. दोन्हीकडे तुटलेले कडे. पलीकडच्या पाड्यावर जायला दुसरी वाट नव्हती. ती राखायचा खेत्या. अनोळखी माणसाने काठावरून हाक दिली, तर त्याने हात धरून पार न्यायचे अशी रीत. वाटेत पाहुणा बुडाला, तर पाप खेत्याच्या कुळाला.

एका हिवाळ्यात मोजणीची साखळी आणि निशाणे घेऊन गोरा साहेब आला. तसला माणूस पाड्याने कधी पाहिला नव्हता. खेत्याने हात दिला, त्याच्या बायकोने, रुमलीने, भाकर दिली. साहेबाने तीन दिवस नदी मोजून कागदावर उतरवली. पोरे हसली, "एवढीशी नदी? हिच्यात खेकडासुद्धा मावायचा नाही!"

खेत्या मात्र कागद निरखत राहिला. साहेबासोबतच्या दुभाष्याला म्हणाला, "साहेबाला सांग, दगड सहाच काढलेत. सातवा राहिला."

रुमली फणकारली, "अजून काय काय दाखवशील पाव्हण्याला? चुलीतली राखही दाखव!"

"परत आला आणि घसरला तर? पाप आपल्या माथी." खेत्याने बोट ठेवले. साहेबाने तिथे ठिपका दिला.

पुढच्या हिवाळ्यात साहेब आला नाही, त्याचा कागद आला. भरदुपारी पलटण उतरली. कोणी हाक दिली नाही, कोणाचा हात मागितला नाही. सात दगडांवरून बूट सरळ चालत आले. जंगल सरकारचे झाले म्हणून पाडा उठवायचा होता. लोक उठेनात, तेव्हा झोपड्या पेटवल्या. रुमली बियाणे काढायला आत गेली, ती आतच राहिली.

राख निवल्यावर खेत्या पहार घेऊन पाण्यात शिरला आणि सातवा दगड उखडू लागला. काठावरून कोणी म्हणाले, "आता कशाला रे? आता कोण यायचं राहिलंय?" त्याने पहार पुन्हा दगडाखाली घातली. तिसऱ्या दिवशी दगड डोहात गेला, त्याच्यासोबत खेत्याही. वाट बंद झाली. मागे राखण्यासारखे काही उरले नव्हते.

आजही झारणकाठचे लोक अनोळख्याचा हात धरून सहाव्या दगडापर्यंत नेतात आणि तिथे सोडतात. पुढे ज्याने त्याने पोहायचे, काठच्या लोकांनीही. दोन-चार वर्षांनी एखादे माणूस बुडून जाते.

"मग नवा दगड का नाही टाकत?" पाहुणे विचारतात.

वेस्त्याबाबा उरलेली दारू पाण्यात ओततो. "आम्ही काढला, बाबा. त्या कागदावर तो अजून आहे. नवा टाकला, तर कागद पुन्हा खरा व्हायचा."